‘मदत’ हे कृपादान आहे की उरलेल्यांसाठी ठेवलेला कप्पा?

पायवाट

नमस्कार मंडळी. (इथे हा शब्द ‘लोकहो’ आणि ‘चर्च’ अशा दोन्ही अर्थांनी घ्या.)

दोन महिन्यांपूर्वी आमच्या चर्चमध्ये ‘आपलं कृपादान ओळखा’ असं एक शिबिर झालं. (कृपादान म्हणजे मंडळीच्या सेवेसाठी पवित्र आत्म्याने दिलेली देणगी.) शंभरावर प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, आणि शेवटी रकान्यांची बेरीज. ज्या रकान्यात जास्त गुण, ते तुमचं दान. माझ्या शेजारच्या भावाला ‘संदेश देणे’ आलं. पुढच्या रांगेतल्या ताईंना ‘शिक्षण’. माझी बेरीज सगळ्यात जास्त भरली ‘मदत’ या रकान्यात. शिबिर घेणारे माझा कागद बघून हसत म्हणाले, “छान! मदत करणारेही लागतातच.”

त्या ‘ही’ आणि ‘च’नेच माझा विरस झाला. वाक्य एरवी प्रेमळच होतं.

पुढची गंमत ऐका. शिबिर संपल्यावर ‘शिक्षण’ आणि ‘संदेश’वाल्यांना पाळकांनी आतल्या खोलीत बैठकीला बोलावलं. आम्हा ‘मदत’वाल्यांना सांगितलं, तेवढ्या खुर्च्या आवरून ठेवा. आवरल्या. खुर्च्या आवरायला माझी ना नाही, गेली अकरा वर्षं आवरतेय. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की पवित्र आत्म्याने वाटप करताना शेवटी जे उरलं ते माझ्या पदरात टाकलं.

तर प्रश्न असा: मदत हे खरंच कृपादान आहे, की ज्यांना काहीच आलं नाही त्यांना वाईट वाटू नये म्हणून केलेली सोय?

साधासुधा

+१. माझंही ‘मदत’ आलं होतं. दुसऱ्यांदा भरली तर ‘दातृत्व’ आलं. त्या आठवड्यात पगार झाला होता.

ग्रीकवेडा

पायवाट, तुमचा प्रश्न शब्दाशीच सुटतो असं मला वाटतं, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

बायबलच्या नव्या करारातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या (म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या) १२ व्या अध्यायातल्या २८ व्या वचनात प्रेषित पौल कृपादानांची यादी देतो. त्यात ‘मदत’ म्हणून जो शब्द आहे तो मूळ ग्रीकमध्ये ‘अँटीलेम्प्सिस’. नव्या करारात हे नाम फक्त याच एका जागी येतं. पण त्याचं क्रियापद इतरत्र सापडतं. लूकच्या पहिल्या अध्यायात मरियेचं स्तोत्र आहे, त्यात देवाने आपला सेवक इस्राएल याला साहाय्य केलं असं ती गाते. तिथे हेच क्रियापद आहे, आणि त्याचा कर्ता देव आहे. समोरच्याची बाजू धरणं, पडणाऱ्याला धरून सावरणं, असा त्याचा भाव. पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा (म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांचा) निरोप घेताना दुर्बळांना हात द्या म्हणतो (प्रेषितांची कृत्ये २०:३५), तिथेही तेच.

त्या यादीत त्याच्या शेजारचा शब्द त्याहून गमतीचा आहे. आपण ‘व्यवस्था पाहणे’ म्हणतो तो ‘किबेर्नेसिस’, म्हणजे सुकाणू धरणं. त्याच कुळातला शब्द पौलाच्या जहाजाच्या प्रवासात तांडेलासाठी येतो (प्रेषितांची कृत्ये २७:११). म्हणजे चर्चचा हिशेब आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाला पौलाने खलाशाची उपमा दिली. खडक कुठे, उथळ पाणी कुठे, हे ज्याला कळतं तो. आपण त्याला सेक्रेटरी करून कोपऱ्यात बसवलं.

आणि रकान्यांविषयी. अशा याद्या रोमकरांस १२, करिंथकरांस पहिले १२ (तिथे दोन, आणि त्याही एकमेकींशी जुळत नाहीत), इफिसकरांस ४ आणि पेत्राचे पहिले पत्र ४ इथे आहेत. रोमच्या यादीत सात दानं, तर करिंथच्या पहिल्या यादीत नऊ. पेत्र दोनच ढीग करतो, बोलणारे आणि सेवा करणारे. पौलाला पक्की कोष्टकं करायची असती तर त्याने एकच यादी दोनदा लिहिली असती. ही उदाहरणं आहेत. त्यांचे रकाने आपण पाडले.

अग्निजिव्हा

सगळ्यांचं वाचलं. थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

आजकाल कृपादानांचा विषय निघाला की गाडी खुर्च्यांवर, हिशेबावर आणि आदरातिथ्यावर येते. भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं), बरं करणं, संदेश यांची नावं काढली की लोक घड्याळ बघतात. अहो, त्याच अध्यायाच्या शेवटी पौल श्रेष्ठ कृपादानांची उत्कट इच्छा धरा म्हणतो. इच्छा धरायला सांगितलीय, आहे त्यात समाधान मानायला नाही.

आणि ‘दिखाऊ दानं म्हणजे उच्चनीच’ असं पुष्कळांना वाटतं, ते समीकरणही इतिहासात टिकत नाही. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर जी पेंटेकॉस्टल जागृती (अशा दानांवर भर देणाऱ्या सभांची लाट) सुरू झाली तिचं नेतृत्व विल्यम सीमोर करत होते. त्यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. काळेगोरे एकत्र बसायचा तो काळ नव्हता, तरी एका जुनाट इमारतीत ते एकत्र गुडघे टेकत होते, स्त्रिया उभं राहून बोलत होत्या. आत्मा कोणावर उतरेल हे माहीत नसल्यामुळे मानाची जागा कोणाला द्यायची हेच ठरत नव्हतं. मला वाटतं, चर्चमध्ये उच्चनीच येते ती अग्नी विझल्यावर.

शंकासुर

मी विश्वासणारा नाही, इथे बहुतेक वाचायलाच येतो. पण एक खुपतं, ते विचारतो.

‘एक शरीर, अनेक अवयव’ ही उपमा ख्रिस्ती नाही, ती पौलाच्या कितीतरी आधीची आहे. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये रोमची सामान्य प्रजा सरदारांच्या जाचाला कंटाळून शहर सोडून टेकडीवर जाऊन बसली. त्यांची समजूत काढायला मेनेनियस अग्रिप्पा गेला. त्याने गोष्ट सांगितली: हात, तोंड आणि दात पोटावर रुसले, कारण पोट नुसतं बसून खातं. त्यांनी काम बंद केलं, आणि सगळं शरीरच वाळलं. तात्पर्य, पोटाला मुकाट्याने भरवा, तेच तुम्हाला रक्त पुरवतं.

ही मालकांच्या सोयीची गोष्ट आहे. पौलाने तीच उचलली ना? ‘तू पाय आहेस, तर पायासारखा राहा.’ मग पायवाट यांना खुर्च्या आवरायला सांगणारे पाळक पौलाचंच तर ऐकतायत.

सातवी_ओळ

शंकासुर, मुद्दा बिनतोड वाटतो. पण दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा.

अग्रिप्पा कोणाला समजावतो? रुसलेल्या हातांना. पोटाला एक शब्द बोलत नाही. पौल सुरुवात पायापासूनच करतो, पण त्या पायाचं म्हणणं ‘मी राबणार नाही’ असं नाही, तो म्हणतो ‘मी हात नाही, म्हणून मी शरीराचा नाही’. म्हणजे तो खचलाय, त्याने बंड केलेलं नाही. त्याला पौल सांगतो की तू आहेसच. मग २१ व्या वचनात तो मान वर करून डोळ्याला आणि मस्तकाला धरतो: हाताला, पायाला ‘तुझी गरज नाही’ म्हणायची तुमची सोय नाही. अग्रिप्पाच्या गोष्टीत वरच्यांना कुणी झापत नाही. पुढे २४ व्या वचनात तर देवाने शरीर जुळवताना ज्याला उणं होतं त्याला अधिक मान दिला असं लिहिलंय. समान मान नव्हे, अधिक. हे एखाद्या सरदाराने टेकडीवर जाऊन सांगितलं असतं तर सिनेटने त्याला परत घेतलं नसतं.

संदर्भही पाहा. त्याच पत्रात एक अध्याय आधी, प्रभुभोजनाला काही जण पोटभर खाऊन पिऊन बसतात आणि काही उपाशी राहतात म्हणून पौल चिडलाय. त्याच्याही आधी, ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा’ अशी पुढाऱ्यांच्या नावाने चाललेली भांडणं ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्या माणसांनी त्याच्या कानावर घातलीत. ज्या मंडळीत पैसा, वक्तृत्व आणि ओळखी यांवर माणसं मोजली जात होती, तिथे त्याने ही उपमा वापरली. गोष्ट जुनीच, पण बोट दुसऱ्या दिशेला.

पायवाट यांच्या पाळकांनी खालच्यांना ‘तुमचीही गरज आहे’ सांगितलं, म्हणजे अर्धाच अध्याय वाचला. वरच्यांना बोलावून ‘यांच्यावाचून तुमचं चालत नाही’ हे सांगायचं राहून गेलं.

शंकासुर

बोट दुसऱ्या दिशेला, हे मान्य. वाचतोय.

जुनी_काठी

मी निवृत्त पाळक. अर्धा अध्याय वाचणाऱ्यांत मीही होतो, म्हणून लिहितोय.

तीसेक वर्षं मी चर्चची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. संदेश मी, भेटी मी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना मी, हिशेब मी, गळक्या छताला कौल बसवणाऱ्याशी बोलायचं तेही मी. लोक म्हणत, पाळकसाहेब किती राबतात. मला ते गोड वाटायचं. खरं तर मी चोरी करत होतो. दुसऱ्यांची दानं वापरात येऊच देत नव्हतो.

इफिसकरांस ४:१२ मध्ये एक स्वल्पविराम आहे, त्याने मला पुष्कळ वर्षं वाचवलं. जुन्या इंग्रजी भाषांतरात पाळक-शिक्षकांची तीन कामं वेगवेगळी वाटतात: पवित्र जनांना (म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना) सिद्ध करणं, सेवेचं कार्य करणं, ख्रिस्ताचं शरीर उभारणं. तो स्वल्पविराम काढला की वाक्य बदलतं. पवित्र जनांनी सेवेचं कार्य करावं यासाठी त्यांना सिद्ध करणं, एवढंच पाळकाचं काम उरतं. मूळ ग्रीक लिखाणात विरामचिन्हं नव्हतीच, आणि आता बहुतेक भाषांतरं दुसऱ्या अंगाने जातात. मी मात्र स्वल्पविराम धरून बसलो होतो.

एक चूक अजून सलते. आमच्याकडे एक बँकेतले बंधू आले. शिकलेले, शांत. मी त्यांना लगेच संडे स्कूल दिलं. शिकलेला माणूस म्हणजे शिक्षक, एवढाच माझा हिशेब. मुलं त्यांना जुमानेनात, ते घरी जाऊन रात्री जागत. सहा महिन्यांनी त्यांनी यायचंच बंद केलं. दोन वर्षांनी भेटले तेव्हा म्हणाले, “मला वाटलं माझा विश्वासच कमी आहे.” त्यांचा विश्वास नव्हे, माझी नजर कमी होती. सुकाणू धरणारा माणूस मी लहान मुलांत सोडला होता, आणि हिशेबाच्या वह्या मी स्वतः चुकवत होतो.

आणि पायवाट ताई, प्रेषितांची कृत्ये ६ वाचताना एक लक्षात ठेवा. विधवांच्या रोजच्या वाटणीत अन्याय होत होता, म्हणून सात जण निवडले. पुष्कळ जण ते असं सांगतात की मोठ्यांनी वचनाची सेवा ठेवली आणि धाकट्यांना पंगती वाढायला दिल्या. पण मुळात दोन्ही कामांना ‘डियाकोनिया’ (सेवा) हाच ग्रीक शब्द वापरलाय. आणि त्या सातांतला स्तेफन पुढच्याच अध्यायात न्यायसभेपुढे एवढं मोठं भाषण करतो, फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगतो. म्हणजे पंगतीला नेमलेले पंगतीतच राहिले नाहीत, आणि कोणी त्यांना ‘तुमचा रकाना मदतीचा’ म्हणून अडवलंही नाही.

फडताळ

प्रश्नावल्यांविषयी थोडं. अशी बेरीज-वजाबाकीची पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या चर्चमध्ये रुजली आणि तिथून सगळीकडे गेली. हेतू चांगला होता, बाकावर बसून राहणाऱ्यांना उठवायचं. पण प्रश्न असे असतात: ‘मी शिकवल्यावर लोकांना वचन समजतं.’ ज्याला कधी शिकवायला उभंच केलं नाही, तो शून्य लिहिणार. प्रश्नावली दान मोजत नाही, आजवर मिळालेली संधी मोजते. म्हणूनच बहुतेक चर्चमध्ये बायकांच्या ‘मदत’ आणि ‘दया’ या रकान्यांत भरभरून गुण येतात आणि मग म्हणतात, बघा, देवानेच दिलंय.

माझ्या मनात नेहमी येतं, बायबलमधल्या माणसांना ही प्रश्नावली दिली असती तर? बसालेलचं काय आलं असतं? निर्गम ३१ मध्ये देव म्हणतो की मी त्याला माझ्या आत्म्याने भरलंय, आणि कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं जडवायला, लाकूड कोरायला. माणूस देवाच्या आत्म्याने भरला हे पवित्र शास्त्रात इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलेला हा अगदी सुरुवातीचा माणूस, आणि तो कारागीर. टबीथाचं? यापोतली ही बाई वारली तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवत होत्या. शिवणकामाचा रकाना नाही. तर्तियसचं? रोमकरांस पत्र पौलाने सांगितलं, पण कागदावर उतरवलं तर्तियसने, आणि शेवटी त्याने बिचकत स्वतःचाही एक सलाम घुसवलाय (१६:२२). मला ते वचन फार आवडतं. नंतर कितीतरी शतकं ज्या पत्रावर धर्मपंडितांनी आयुष्यं घालवली, ते या माणसाच्या हस्ताक्षरात होतं.

आणि अविवाहित राहण्याचं काय? करिंथकरांस पहिले ७:७ मध्ये पौल त्यासाठीही ‘कृपादान’ हाच शब्द वापरतो. आपल्याकडे त्यावर प्रार्थना-विनंती होते.

उलटही सांगतो. ‘ते माझं दान नाही’ ही पळवाट मीच वापरलीय. आजाऱ्याला भेटायला जायचा कंटाळा, तर म्हणायचं दया हे माझं कृपादान नाही. दया सगळ्यांनाच सांगितलीय हो. ज्यांना ते दान आहे त्यांनी ती हसतमुखाने करावी, एवढंच रोमकरांस १२:८ मध्ये वेगळं आहे.

शंकासुर

भोचक प्रश्न. भाषा वगैरे दानं आता बंद पडली असं तुमच्यातले काही म्हणतात ना?

ग्रीकवेडा

म्हणतात, आणि वाद जुना आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी प्रसिद्ध उपदेशक योहान क्रिसोस्टोम करिंथकरांस पहिल्याच्या १२ व्या अध्यायावर बोलताना सांगतो की हा भाग फार दुर्बोध आहे, कारण त्या काळी घडायचं ते आता घडत नाही. त्याच्याच काळातला बिशप ऑगस्टीन आधी साधारण असंच मानायचा, मग म्हातारपणी स्वतःच्या भागात ऐकलेले-पाहिलेले चमत्कार लिहून ठेवू लागला. धागा तिकडे गेला तर परत यायचा नाही, म्हणून इथेच थांबतो.

डोळस

मला ऐकू येत नाही. जन्मापासून. ओठ वाचते, म्हणून पहिल्या रांगेत बसवतात. याबद्दल आभारी आहे.

अग्निजिव्हा दादा, तुम्हाला उद्देशून नाही, पण तुमच्या पोस्टमुळे लिहावंसं वाटलं. बाहेरून पाहुणे सेवक आले की सभेच्या शेवटी मला पुढे बोलावतात, कानांवर हात ठेवतात, प्रार्थना करतात. आतापर्यंत किती वेळा, मोजणं सोडलंय. प्रार्थना झाली की मागे टाळी वाजवून बघतात. मी वळत नाही. मग सगळ्यांचे चेहरे पडतात आणि मीच त्यांना हसून धीर देते.

बरं होणं मला नको आहे असं नाही. पण या सगळ्या वर्षांत एकानेही विचारलं नाही की तुझ्याकडे मंडळीसाठी काय आहे. माझ्या कानांवर सगळ्यांचा विश्वास आहे, माझ्यावर नाही.

करिंथकरांस पहिल्याच्या १२ व्या अध्यायातलं २२ वं वचन इथे कोणी घेतलं नाही, म्हणून मी घेते. जे अवयव अधिक अशक्त दिसतात ते अधिक गरजेचे आहेत. ‘दिसतात’ लिहिलंय. ‘आहेत’ असं नाही.

माझ्याकडे काय आहे ते सांगते. मी चेहरे वाचते. आयुष्यभर तेच केलंय. कोण गाताना ओठ नुसते हलवतंय, कोणाचं आज घरून भांडण होऊन आलंय, कोणती नवी मुलगी दारापासूनच परत जायच्या बेतात आहे, हे मला उपासना सुरू व्हायच्या आधी कळतं. पण मी पहिल्या रांगेत असते, सगळ्यांकडे पाठ करून.

अग्निजिव्हा

टाळी वाजवणाऱ्यांत मी होतो. तुमच्या चर्चमध्ये नाही, आमच्याकडे, दुसऱ्या एका भावासाठी. त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली, पण त्याच्याशी कधी बोललो नाही.

बरं करण्याच्या दानावरचा माझा विश्वास तसाच आहे. पण त्याच पत्राच्या १४ व्या अध्यायाची कसोटी मी स्वतःला लावायला विसरलो. दहा हजार शब्द परभाषेत बोलण्यापेक्षा समजतील असे पाच शब्द बरे, असं पौल तिथे म्हणतो, आणि पौल तर म्हणतो की मी तुम्हा सर्वांपेक्षा अधिक भाषा बोलतो. म्हणजे ज्याच्याकडे ते दान भरपूर होतं त्याचंच हे म्हणणं. समोरच्याची उभारणी झाली का, एवढंच तो विचारतो. त्या टाळीने कोणाची झाली?

साधासुधा

दादा, हे लिहायला धाडस लागतं.

जुनी_काठी

डोळस ताई, मोशेच्या छावणीत एलदाद आणि मेदाद मंडपाकडे गेलेच नव्हते, तरी आत्मा त्यांच्यावर उतरला. एका तरुणाने धावत येऊन ते सांगितलं, तेव्हा मोशेचा सेवक यहोशवा म्हणाला, यांना थांबवा. मोशे म्हणाला, माझ्यासाठी तुला हेवा वाटतो का? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं (गणना ११). मी पाळक असताना बहुतेक वेळा यहोशवाच होतो.

तुमच्या वडीलवर्गाला स्वतःहून सांगून पाहाल का? आमच्यासारख्यांना सांगितल्याशिवाय दिसत नाही, हे वाईट आहे, पण तसंच आहे.

पायवाट

तीन आठवड्यांनी परत येतेय. सगळ्यांचे आभार.

पाळकांशी बोलले. भांडायच्या तयारीने गेले होते, ते मात्र निवांत ऐकून बसले. मी त्यांना विचारलं की अकरा वर्षांत माझ्याबरोबर खुर्च्या आवरायला कोण कोण आलं ते तुम्हाला माहीत आहे का. माहीत नव्हतं. मला माहीत होतं. नवीन आलेला माणूस आत बैठकीला जात नाही, तो मागे घुटमळतो, आणि मागे खुर्च्या असतात. एकाची नोकरी गेली होती, ते मला त्या ढिगापाशी कळलं. एकीचा नवरा सोडून गेला होता. एका मुलाने बाप्तिस्मा घ्यायचं आधी मला सांगितलं, मग त्यांना. हे सगळं मी ‘मदत’मध्ये धरतच नव्हते, मला वाटायचं मी नुसत्या खुर्च्या उचलते. ग्रीकवेडांनी ‘धरून सावरणं’ लिहिलं तेव्हा डोक्यात लख्ख झालं.

आता गेल्या रविवारपासून आतली बैठक पंधरा मिनिटं उशिरा. तोवर पाळकांसह सगळे मागे. पहिल्या दिवशी पाळकांनी बोट चिमटवून घेतलं, पण आले.

साधासुधा, तुमचा पगार या महिन्यात झाला का? :)

साधासुधा

झाला. पण या वेळी प्रश्नावली भरायचा धीर होईना.

डोळस

मीही सांगितलं. लिहून दिलं, म्हणजे मध्ये कोणी तोडणार नाही. वडीलांपैकी एक म्हणाले की दारापाशी उभं राहिलीस तर संदेशातले ओठ तुला दिसणार नाहीत, तुझं नुकसान होईल. ते बरोबर आहे. म्हणून असं ठरलं: गीतं संपेपर्यंत दारात, संदेशाला पुढे.

काल पहिला रविवार होता. एक बाई आल्या, आत डोकावून वळल्या. मी हात धरला.